दोरीचा मान

करंडा आधी उडाला, मग फुटला. लाकूड कातायच्या चरकावरून सुटून समोरच्या खांबावर आपटला, त्याची दोन शकलं झाली आणि त्यातलं मोठं शकल दिवाणसाहेबांच्या मांडीवर येऊन पडलं.

‘अरेरे!’ दाजीसाहेब महाराज म्हणाले.

‘अरेरे!’ दिवाणसाहेब म्हणाले. महाराज आधी बोलले नसते तर ते ‘आई गं’ म्हणाले असते, कारण शकल टोकदार होतं.

चरकासमोर बसलेले युवराज हातात पटाशी धरून तसेच राहिले. महाराजांच्या एकुलत्या लेकीसाठी, आमच्या आक्कासाहेबांसाठी आलेलं हे तिसरं स्थळ. मोठं संस्थान, पिवळी लांबलचक मोटार, आणि त्या मोटारीला दोन हॉर्न, एक माणसांसाठी आणि एक गुरांसाठी.

‘दोरीला हिसका बसला,’ युवराज म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

दोरी मी ओढत होतो.

‘छे छे, लाकूडच फितूर!’ महाराज घाईने म्हणाले. ‘नरहरपंत आमचे दोरीचे मानकरी आहेत. त्यांच्या हाताला नाव ठेवलेलं आम्ही ऐकून घेणार नाही.’

मला भरून आलं. असा धनी मिळायला पुण्याई लागते, असं मी त्या क्षणी मनाशी म्हणालो. पिवळी मोटार दुपारी निघाली. जाताना आम्ही सगळे हात जोडून उभे होतो तेव्हा तिने गुरांचा हॉर्न वाजवला. महाराजांना फार वाईट वाटलं. दुःखात माणसाची भूक मरते म्हणतात. महाराजांनी त्या दिवशी आमरसाच्या तीन वाट्या रिचवल्या आणि चौथीकडे पाहून उसासा टाकला. खासगीकडचा कारकून होतो मी, वाट्या मोजायची सवय. मोजल्या आणि गप्प बसलो.

ही लढाईच्या आधीची गोष्ट. आमचं नेरवळ संस्थान घाट आणि समुद्र यांच्या मध्ये चुकून राहून गेल्यासारखं होतं. सलामीची तोफ एकच, आणि तिच्यात साळुंक्यांनी घर केलेलं. पण चार पिढ्या चाललेला एक षोक होता, कातकामाचा. महाराजांचे पणजोबा एका वैद्याच्या सांगण्यावरून राग आवरायला चरकावर बसले. राग गेला, चरक राहिला. पुढे लाकडावरून हात हस्तिदंतावर गेला. इतर राजे हत्तीवर बसत. आमचे हत्तीचा दात घेऊन बसत, कारण अख्खा हत्ती परवडत नव्हता.

चरक म्हणजे तरी काय? जमिनीत रोवलेल्या दोन खुंट्या, त्यांच्यामध्ये फिरणारा दांडा, दांड्याच्या टोकाला लाखेने चिकटवलेला ठोकळा. दांड्याला दोरीचे दोन वेढे. एकाने समोर बसून दोरी ओढायची, उजव्या हाताने, मग डाव्या हाताने, पुन्हा उजव्या. लाकूड एकदा इकडे फिरतं, एकदा तिकडे. दुसऱ्याने पटाशी धरायची. लाकूड आपल्याकडे येताना कापायचं, परत जाताना पटाशी उचलायची. पटाशी एका हाताने आणि पायाच्या अंगठ्याने धरतात. दाजीसाहेबांच्या पायाचा अंगठा हा आमच्या संस्थानातला सर्वांत कर्तबगार अधिकारी होता. त्यांनी कातलेल्या हस्तिदंताच्या बुद्धिबळातल्या उंटाची मान बघून भलेभले आपली मान हलवत.

आणि रीत अशी होती की, या घराचा जावई होऊ पाहणाऱ्याने याच चरकावर नवरीच्या कुंकवाचा करंडा कातायचा. दोरी नवरीच्या भावाने ओढायची. पणजोबा म्हणत, माणूस बोलण्यात फसवेल, चरकावर फसवता येत नाही. मधल्या पिढ्यांनी ही रीत सोयीने पाळली. जावयाने पटाशीला हात लावायचा, पुढचं काम कारागिराने करायचं, आणि सगळ्यांनी ‘वा वा’ म्हणायचं. दाजीसाहेबांनी मात्र रीत काटेकोर पाळायची ठरवली. नेमकी आक्कासाहेब उपवर झाल्या त्या वर्षी.

आक्कासाहेबांना भाऊ नव्हता. म्हणून दोरीचा मान कोणाला द्यायचा हे पाहायला महाराजांनी एका दसऱ्याला सगळ्यांना दोरी ओढायला लावली. शिपाई झाले, आचारी झाले, कारकून झाले. माझी पाळी आली तेव्हा महाराज थांबले. पुन्हा ओढायला लावली. डोळे मिटून ऐकलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ‘बस. हाच माणूस.’

दसऱ्याला पोशाख, पंगतीत दिवाणांच्या शेजारी पाट. माझी बायको तेव्हापासून शेजाऱ्यांशी धड बोलेनाशी झाली, एवढी ती चढून गेली.

खरं सांगायचं तर महाराजांची रोजची दोरी मी ओढत नसे. सकाळी कातशाळेत बापलेकच असत. आक्कासाहेब लहानपणापासून हौसेने दोरी ओढत, आणि बाबी चितारी कोपऱ्यात बसून लाखेच्या रंगीत कांड्या वळत असे. महाराजांच्या हस्तिदंती डबीला मुंबईच्या एका प्रदर्शनात रुपेरी पदक मिळालं, तेव्हा दोरीवाल्यालाही शाल आली. राजकन्या दोरी ओढते असं कसं सांगणार? शाल मी घेतली. थंडीत उपयोगी पडली.

*

चौथं स्थळ ताम्हणगडच्या जहागिरीतलं, धाकटी पाती. नाव समशेरराव, आणि आवाज ताकासारखा मवाळ. मोटार नव्हतीच, दुपारच्या लॉरीने आले, टपावर ट्रंक आणि मांडीवर कोणाची तरी कोंबडी. कोंबडीवाली बाई उतरताना त्यांना ‘बरां हां बाबा’ म्हणाली, आणि त्यांनी उतरून तिची टोपली खाली घेतली. दिवाणसाहेबांनी हे पाहून माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे पाहिलं.

चहापाणी झाल्यावर मी कातशाळेत दुसऱ्या दिवशीची तयारी बघायला गेलो, तर आक्कासाहेब दोरीला तेल लावत बसलेल्या. चोविसावं चालू होतं त्यांना. त्या काळी एवढ्या वयात बायकांची पोरं शाळेत जात.

‘पंतकाका, उद्या तुमचा हात दुखतो.’

‘माझा? कुठला?’

‘उजवा.’

‘नाही हो आक्कासाहेब, ठणठणीत आहे.’

‘म्हणून तर आत्तापासून सांगते. सकाळी झोळीत घालून या.’

मी जरा दुखावलोच. ‘दोरीचा मान माझा आहे. महाराजांनी स्वतः निवडलाय मला.’

‘हो ना,’ त्या म्हणाल्या आणि तेलाचा हात तोंडावर नेता नेता थांबल्या. हसू दाबायला दुसरं काही हाताशी नसावं. ‘काका, तीन स्थळं गेली. मी रडले का?’

‘नाही.’

‘हे गेलं तर पुढचं मी बघणार नाही. आबासाहेबांना कातायला दोरी ओढून देईन आणि इथेच म्हातारी होईन. खरंच सांगते.’

‘पाहिलंय कुठे यांना?’

‘बेळगावला, मामेबहिणीच्या लग्नात. मांडवात सगळे राजेरजवाडे बसले होते, आणि हे मागच्या पडवीत.’

‘मागच्या पडवीत काय करत होते?’

‘ते नाही सांगणार.’

कोपऱ्यातून बाबी चितारी खोकला. त्याचा खोकला नेहमी अर्थाचा असे.

‘काय रे?’ मी विचारलं.

‘काय नाय पंतानू. लाख घशात गेली.’

*

सकाळी मी हात झोळीत घालून गेलो. खोटं दुखणं खऱ्यापेक्षा अवघड. कुठल्या हाताने डोकं खाजवायचं याचाही विचार करावा लागतो. महाराज कोचावर बसले होते, शेजारी दिवाण, समोर चरक. समशेरराव बाह्या दुमडून चरकाजवळ उभे. मला बघताच महाराजांचा चेहरा पडला.

‘नरहरपंत! हे काय?’

‘हात, महाराज. रात्री उशाखाली गेला.’

‘आज? आजच गेला?’ एखाद्याचं घर जळाल्याची बातमी ऐकावी तसे ते बघत होते. ‘डाव्याने ओढा की!’

‘डाव्याने एकट्याने दोरी कशी ओढायची, आबासाहेब?’ आक्कासाहेब दारातून आत आल्या, पदर खोचलेला. ‘मी ओढते.’

‘रीत भावाची आहे.’

‘भाऊ नाही हा माझा दोष नाही. आणि पंतकाका तरी कुठे माझे भाऊ?’

पाहुण्यांपुढे काय बोलणार? महाराजांनी मिशीवरून हात फिरवला. ‘बरं. होऊ द्या.’

आक्कासाहेब दोरीला बसल्या. उजवा हात, डावा हात, उजवा, डावा. ठोकळा असा फिरू लागला की, हा तोच चरक का, असं मला वाटलं. माझ्या हाताखाली तो खोकत, अडखळत चाले. आता घुमत होता. एवढ्या सुरेख दोरीवर तर आंधळाही कातेल, असं म्हणून मी जरा सैलावलो.

समशेररावांनी पटाशी टेकवली.

त्यांना ती मुळीच येत नव्हती. लाकूड परत जाताना पटाशी उचलायची, हे त्यांच्या ध्यानातच राहीना. कर्र असा आवाज झाला, ठोकळ्याला घाव पडला आणि कोपरा उडाला. आक्कासाहेबांनी दोरी थांबवली. बाबीने दुसरा ठोकळा चिकटवला. दुसरा जरा जास्त टिकला, म्हणजे करंडा होणार असं वाटण्याइतका, आणि मग मधोमध चिरला.

रीतीने ठोकळे तीन. महाराजांचा चेहरा हळूहळू उजळत होता, आणि आवाज त्याच मापाने दुःखी होत होता.

‘असतं एकेकाच्या नशिबी,’ ते म्हणाले. ‘मनाला लावून घेऊ नका, समशेरराव. आज आमच्याकडे आमरस आहे.’

मी आक्कासाहेबांकडे पाहिलं. त्या दोरी हातात धरून बसल्या होत्या, पण हरल्यासारख्या नव्हे. कोणाची तरी वाट बघत असाव्यात तशा. समोर माणूस होता, माझी झोळी होती, दिवाण होते, कोणाची वाट?

समशेररावांनी कपाळ पुसलं. तिसरा ठोकळा हातात घेतला, उलटसुलट केला आणि परत बाबीकडे दिला.

‘हाही मी फुकट घालवीन,’ ते म्हणाले. ‘मला पटाशी येत नाही, आणि एका सकाळीत येणारही नाही. खोटं कशाला? पण ही दोरी...’ ते आक्कासाहेबांच्या हातांकडे बघत होते. ‘ही मला येते, असं वाटतं. जरा द्याल?’

आक्कासाहेबांनी इतक्या चटकन दोरी दिली की, ती त्यांच्या हातात कधी नव्हतीच असं वाटावं.

बाबीने तिसरा ठोकळा चिकटवला आणि समशेरराव मांडी घालून बसले. दोरीची टोकं मुठींभोवती एकेकदा वळवली, डोळे अर्धे मिटले आणि ओढायला लागले. घुर्रर्र, घुर्रर्र. जोर नाही, घाई नाही. बाबीच्या हातातली लाखेची कांडी थांबली. महाराज कोचावर पुढे सरकले.

मग आक्कासाहेब उठल्या, चरकाच्या दुसऱ्या बाजूला गेल्या, पाटावर बसल्या आणि त्यांनी पटाशी उचलली. पायाचा अंगठा टेकवला. हुबेहूब महाराजांचा अंगठा.

‘मंजुळे!’ महाराज म्हणाले.

‘बोलू नका, आबासाहेब. हात हलेल.’

शिवणीच्या लाकडाची पातळ सोलपटं उडू लागली. त्या मध्ये मध्ये म्हणत, ‘सावकाश,’ आणि दोरी सावकाश होई. पुढे पुढे म्हणायचीही गरज उरली नाही. त्यांनी नुसता श्वास धरला की दोरी मंद होई. करंड्याचं पोट झालं, गळा झाला, टोपण झालं. फिरत्या लाकडावर बाबीने लाल लाखेची कांडी टेकवली, घासून तापली तशी ती वितळली, आणि वरून केवड्याचं पान दाबलं तशी झळाळी चढली. आक्कासाहेबांनी टोपण करंड्यावर नुसतं ठेवलं आणि हात काढला. टोपण लगेच बसलं नाही. आतली हवा वाट काढत होती, आणि ते आपल्या वजनाने अलगद, एखाद्या म्हाताऱ्याने खुर्चीत बसावं तसं खाली गेलं.

महाराज खाकरले.

‘करंडा उत्तम आहे. पण तो जावयाने कातायचा असतो.’

‘होय,’ समशेरराव म्हणाले. ‘मी कातला नाही. रीत माझ्याकडून झाली नाही, हे मला मान्य आहे. संध्याकाळची लॉरी कितीला असते?’

आक्कासाहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. इतकं सरळ उत्तर त्यांच्याही हिशेबात नसावं. मला वाटलं, संपलं. आता ही मुलगी खरोखरच दोरी ओढत म्हातारी होणार.

तेवढ्यात बाबीने तोंड उघडलं. ‘महाराज, करंडो झालो मा? चिरलो नाय मा? मगे आणि काय व्हया?’

‘तू लाख बघ,’ महाराज म्हणाले. पण त्यांची नजर बाबीकडे नव्हती, करंड्याकडे नव्हती, मुलीकडेही नव्हती. ती समशेररावांच्या मुठींवर होती. ‘ही दोरी कुठे शिकलात तुम्ही?’

समशेरराव लाजले. ‘शिकलो कुठे नाही. आई लहानपणी गेली, आत्याने वाढवलं. तिच्याकडे म्हशी. दोन हंडे ताक रोज. रवीची दोरी तशीच की हो. एक हात येतो, एक जातो. जोर केला तर लोणी फुटतं, आळस केला तर येतच नाही. कानाने कळतं.’

‘ताक,’ महाराज म्हणाले.

‘होय. कुठे लग्नाला गेलो तरी मांडवात करमत नाही. बायका ताक करत असल्या की मी मागच्या पडवीत जाऊन बसतो.’

मी आक्कासाहेबांकडे पाहिलं. त्यांनी माझी नजर चुकवली आणि खांबाकडे बघितलं, जणू खांब आजच बसवला होता.

महाराज कोचावरून उठले. ‘नरहरपंत, कपाटातलं आणा. ओल्या फडक्यातलं.’

मी दोन्ही हातांनी जपून आणलं. झोळी कधीच गळ्यात लोंबत होती, कोणी पाहिलं नाही. फडक्यात हस्तिदंताची एक वाटी होती, अर्धवट. वर्षभर महाराज तिला हात लावायला धजत नव्हते. ती इतकी पातळ करायची होती की, आतून उजेड दिसावा. आणि एक हिसका, की संपलं.

‘बसा,’ महाराज समशेररावांना म्हणाले. ‘आता आमच्यासाठी.’

ते दोघं बसले ते उठेनातच. घुर्रर्र, घुर्रर्र. ताटं वाढली, निवली. दिवाणसाहेब पेंगले. आक्कासाहेब आधी उभ्या राहिल्या, मग बसल्या, मग पुन्हा उभ्या राहिल्या.

‘आबासाहेब, लग्न माझं आहे की तुमचं?’

‘हात हलेल, बोलू नकोस.’

शेवटी महाराजांनी वाटी सोडवली आणि खिडकीत उन्हासमोर धरली. दुधावरची साय धरावी तशी. तिच्यातून त्यांची बोटं दिसत होती, एक एक वेगळं. मग पाठ न वळवता म्हणाले, ‘मंजुळा गेल्यावर हे काम होणार नाही, असं आम्हाला वाटत होतं. दुसऱ्या कोणाच्या दोरीवर हात बसत नाही आमचा. म्हणून...’ पुढचं त्यांनी गिळलं.

‘म्हणून काय, आबासाहेब?’

‘म्हणून जेवायला चला.’

‘नाही. आधी सांगा.’

महाराज वळले. डोळे ओले होते, पण धूर्तपणा शाबूत होता. ‘पावसाळा आमचा. उन्हाळ्यात दात तडकतो, कातायला पावसाळाच बरा. चार महिने तुम्ही दोघांनी इथे यायचं. आणि आत्याबाईंनाही आणा.’

‘म्हशी?’ समशेररावांनी गंभीरपणे विचारलं.

‘म्हशींना जागा करू.’

‘तीन महिने,’ आक्कासाहेब म्हणाल्या. ‘गणपती ताम्हणगडचे.’

‘साडेतीन.’

अशा रीतीने तह झाला. राजघराण्यातलं लग्न ताकावर आणि पावसाळ्यावर ठरलेलं मी तेवढंच पाहिलं. सगळे उठू लागले तेव्हा माझ्या एकदम लक्षात आलं की, या आनंदात माझं काहीतरी राहून गेलंय.

‘महाराज, मग माझं काय? दोरीचा मान?’

महाराज थबकले. ‘तुमचं काम तर झालं, नरहरपंत. फार चोख केलंत.’

‘काय काम? माझ्या दोरीवर तर एकही करंडा...’

बोलता बोलता मी थांबलो. तो दसरा डोळ्यांपुढे आला. शिपाई, आचारी, कारकून सगळे ओढून दमलेले, आणि मिटल्या डोळ्यांनी माझी दोरी ऐकणारे महाराज. पुन्हा ओढायला लावणारे. ‘हाच माणूस.’ आमरसाच्या वाट्याही आठवल्या, तिन्ही.

महाराज जरा लगबगीनेच जेवायला गेले. बाबी खोकला.

*

लग्न मार्गशीर्षात झालं. मान गेला, पंगतीतला पाट तीन जागा खाली सरकला आणि बायको पुन्हा शेजाऱ्यांशी बोलू लागली, एवढीच माझी झीज. पाठवणीच्या वेळी आक्कासाहेब लाल करंडा हातात घेऊन माझ्यापाशी आल्या आणि त्यांनी माझ्या खांद्यावर शाल घातली. चांगली, जरीकाठी, पदकावर आलेल्या शालीपेक्षा भारी.

‘ही कशाबद्दल, आक्कासाहेब? मी तर काहीच केलं नाही. ती पहिलीसुद्धा तुमच्याच दोरीची होती.’

‘ही तुमच्याच दोरीची,’ त्या म्हणाल्या. दारात लॉरी उभी होती, टपावर ट्रंका चढत होत्या आणि समशेरराव कोणाची तरी टोपली वर देत होते. ‘काका, तुमचा हात जरा जरी बरा असता ना, तर मी आज त्या दोन हॉर्नवाल्याच्या घरी असते.’